कप्तानाच्या बायकोचं काचघर

गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणत. खरं तर उभ्या जन्मात तो कधी जहाजाच्या सुकाणूपाशी उभा राहिला नव्हता. त्याचं सगळं आयुष्य खाली, इंजिनाच्या पोटात, तेलात आणि उकाड्यात गेलं. पण जहाजावर जातो म्हणजे कप्तानच, असं गल्लीनं एकदा ठरवून टाकलं आणि त्याच्या बायकोची आपसूक कप्तानीण झाली. सुरुवातीला तिने एकदोघांना समजावून पाहिलं, की अहो, ते फिटर आहेत. मग तिने नाद सोडला. नवरा घरात नसताना त्याचा हुद्दा वाढलेला काय वाईट!

ती पडदे शिवायची. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन होतं आणि खिडकीतून थेट फाटक दिसायचं. मशीन तिथेच का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "उजेड चांगला येतो." उजेड मागच्या खोलीतही चांगला यायचा.

कप्तान वर्षाकाठी दोन-अडीच महिने घरी असे. पहिला आठवडा पाहुण्यासारखा जाई. चहा घेता का, पंखा लावू का, असं चाले. महिना-दीड महिना उलटल्यावर कुठे तो घरातला होई, टॉवेल कुठे ठेवलाय हे न विचारता घेई, आणि तेवढ्यात पलंगावर त्याची बॅग उघडी पडलेली दिसे. मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर होता. लेकीची आणि त्याची पहिली भेट झाली तेव्हा तिला दोन दात आले होते. तिने बापाला पाहून असं काही भोकाड पसरलं, की तो बिचारा आपल्याच घराच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तो गेला की चार दिवस स्वयंपाक जास्तच व्हायचा. हाताला सवय लागलेली असायची.

मधल्या काळात असायचा तो फोन. आत जायच्या वाटेवर, उंच स्टुलावर ठेवलेला काळा फोन. कुठल्या तरी बंदरातून तो करायचा आणि त्यात खरखरच जास्त असायची. अशाच एका फोनवर, लेक शाळेत होती त्या काळात, तो म्हणाला होता, "अगं, इथे बंदराजवळ एका घरामागे काचेचं घर आहे. सगळं काचेचं, छतसुद्धा. बाहेर बर्फ पडलाय आणि आत फुलंच फुलं. आपणही बांधू या. मी कायमचा आलो ना, की पहिलं काम ते."

"हो?" ती म्हणाली होती. आणि लाइन कटली.

तेवढ्या एका वाक्यावर तिने किती वर्षं काढली! घरामागे लांबट परसबाग होती. त्यात तिने लिंबू लावलं, जास्वंद लावली, वेल चढवले, पण मागच्या भिंतीलगतचा एक चौकोन मोकळा ठेवला. ऊन तिथे सगळ्यात शेवटी मावळायचं. लेक एकदा म्हणाली, "आई, इथे पेरू लाव ना." ती म्हणाली, "तिथे काम आहे." काय काम, ते तिने लेकीलाही सांगितलं नाही. नवऱ्याने दिलेला शब्द होता. चारचौघांत काढला तर झिजेल, असं तिला वाटायचं.

पुढे लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथेच तिचं लग्न झालं, आणि एके दिवशी कप्तान निवृत्त होऊन खरोखरच कायमचा घरी आला.

आला, म्हणजे सामान आलं. माणूस यायला वेळ लागला. जेवायच्या वेळी तो झोपायचा आणि झोपायच्या वेळी जागा असायचा. घरातल्या घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि भिंत आली की वळायचा. पाण्याचा पंप सुरू झाला की कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग जायला आलंय याचं." स्वयंपाकघरातल्या फळ्यांना त्याने पुढून लाकडी पट्ट्या ठोकल्या.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"डबे पडू नयेत म्हणून."

"घर काय हलतंय का आपलं?"

तो ओशाळला. पण पट्ट्या काढल्या नाहीत.

तिला स्वतःचंच नवल वाटायचं. इतकी वर्षं ती मशीनवर बसल्या-बसल्या मनातल्या मनात दिवसभर त्याच्याशी बोलायची. आज भाजीवाला काय म्हणाला, पडद्याचं माप कसं चुकलं, लेकीचं पत्र्यासारखं तापलेलं डोकं कसं शांत केलं, सगळं सांगायची. आता तो हाकेच्या अंतरावर होता आणि सांगायला शब्द सुचत नव्हता. ज्याच्याशी ती बोलायची तो कुठल्या बंदरात राहून गेला कोण जाणे. हा जो आला होता, तो एक भला, अबोल, ओळखीचा माणूस होता. जेवण झालं की आपलं ताट आपण उचलायचा.

अशात तिला एका दंतवैद्याचं बोलावणं आलं. म्हातारा विधुर गृहस्थ. दवाखाना बंद करून मुलाच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर राहायला चालला होता. जुने पडदे तिथल्या खिडक्यांना बसतील असे आखूड करून हवे होते. मापं घेता घेता तिने मागच्या खिडकीतून पाहिलं आणि टेप हातातून खाली पडली. बागेत काचघर होतं.

लोखंडी सांगाडा, जागोजागी गंज, काचांवर शेवाळ. एक-दोन काचांच्या जागी पत्रा ठोकलेला. दाराला कडीऐवजी सुतळी.

"ते?" दंतवैद्य म्हणाला. "आमच्या हिने हौसेने करून घेतलं होतं. आता कुणाला हवंय! भंगारवाल्याला सांगितलंय. लोखंड नेईल तो, काचा फोडून टाकेल."

"मी नेते," ती म्हणाली. आपण काय बोलून बसलो हे तिला नंतर कळलं.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "न्या. फक्त मी घरात नसताना न्या."

घरी येताना नवऱ्याला काय वाटेल, तो कसा चमकेल, हे ती रस्ताभर मनात घोळवत होती. कप्तान ओट्यावर नळाची चकती बदलत होता.

"अहो, काचघर घेतलंय मी. एकांच्या बागेतलं, जुनं. आपण उतरवून आणायचं आणि इथे उभं करायचं."

त्याने मान वर केली. "काचघर? कशाला गं?"

तिचा चेहरा पडला, पण स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं, त्याला दिसला नाही. "रोपांना," ती म्हणाली. "थंडीत मरतात."

"बरं," तो म्हणाला आणि परत चकतीकडे वळला.

ठरल्या दिवशी दोघं पान्यांचा डबा, जुन्या चादरी आणि गल्लीतल्या बेकरीवाल्याचा टेम्पो घेऊन पोचली. दंतवैद्य किल्ली शेजारी ठेवून बाहेर गेला होता. कप्तानाने शर्टाच्या बाह्या सारल्या, सांगाड्याभोवती एक चक्कर मारली, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली. गंजलेल्या नटांवर तेल सोडून तो थांबला, बोटाने टिचकी मारून ऐकलं, मग पाना लावला. प्रत्येक भागावर त्याने खडूने आकडे घातले. ती काचा काढून चादरीत गुंडाळत होती. मधून मधून, त्याच्या नकळत, जिथे दोन पट्ट्या जुळत होत्या तिथे दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या चिंध्या बांधत होती. पिशवीत चिंध्यांना तोटा नव्हता.

टेम्पो भरून निघाला तेव्हा तिने पाहिलं, समोरच्या फुटपाथवर म्हातारा दंतवैद्य उभा होता. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. घरात नाही, पण लांबही गेलेला नाही. तिने हात केला. त्याने वर्तमानपत्र किंचित वर उचललं.

सगळं सामान परसात येऊन पडलं आणि त्याच आठवड्यात अवकाळी सर आली. पाऊस थांबल्यावर कप्तान बाहेर गेला, आणि तिथूनच ओरडला. खडूचे आकडे धुऊन गेले होते. लोखंडाचा नुसता ढीग उरला होता, मोडलेल्या छत्रीसारखा.

"माझ्या चिंध्या आहेत," ती म्हणाली.

"चिंध्यांवर सांगाडे उभे राहत नाहीत."

"मग खडूवर राहतात वाटतं!"

"अगं, पद्धत असते एक. आधी पाया, मग उभे खांब, मग आडवं. मी सांगतो तसं करायचं आणि मध्ये बोलायचं नाही."

"हे इंजिनरूम नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज चढला तेव्हा तिलाच तो ओळखू आला नाही. "इथलं छत गळलं तेव्हा मी शाकारून घेतलंय, भिंत मी बांधून घेतलीय, लेकीचं लग्न ठरवताना एकटी बसलेय चार माणसांत. मला मध्ये बोलू नको म्हणताय? आणि हे काय माझं एकटीचं वेड आहे? तुम्हीच म्हणाला होतात काचघर बांधू म्हणून!"

"मी? कधी?"

"फोनवर. बर्फ पडला होता तिथे. आत फुलं होती म्हणालात. मी कायमचा आलो की पहिलं काम ते, असं म्हणालात."

कप्तान ओल्या लोखंडाशेजारी उकिडवा बसला. बराच वेळ आठवत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "मला नाही आठवत."

तिने मोकळा ठेवलेला चौकोन समोर होता. त्यावर पावसाचं पाणी साचलं होतं.

"फोनवर मी काहीबाही बोलायचो," तो हळूच म्हणाला. "खाली सांगण्यासारखं काही घडतच नसे. इंजिन, तेल, तीच तीच तोंडं. मग बंदरात उतरलो की फोन करायच्या आधी गावातून एक फेरी मारायचो. तुला सांगण्यासारखं काही दिसतंय का बघायचो. काचघर दिसलं असेल, सांगितलं असेल. तू 'हो?' म्हणायचीस ना... असं लांबवून. ते ऐकायला बोलायचो. तेवढं घेऊन परत चढायचो जहाजावर. काय बोललो ते नाही लक्षात राहिलं. तुझं 'हो?' राहिलं."

तिला रडू आलं, रागही आला. जो शब्द जपून तिने बागेचा तुकडा रिकामा ठेवला, तो त्याने नुसता बोलण्यासाठी बोललेला होता. आणि तिने फोन मानेत धरून, भाजी निवडताना, अर्ध्या लक्षाने म्हटलेला हुंकार तो समुद्रावर उराशी धरून बसला होता. कोण खुळं म्हणायचं यात? ती आत गेली, तोंड धुतलं आणि दोघांसाठी चहा घेऊन बाहेर आली.

"साखर जरा कमी घाल पुढच्या वेळी," कप्तान घोट घेत म्हणाला. "गोड होतो मला."

"मग इतकी वर्षं?"

"थोडे दिवस तर असायचो. म्हटलं, कशाला."

काम तिथून पुढे खरं सुरू झालं. चिंध्यांनी सांगाडा जुळला, हे कप्तानाने हसत कबूल केलं. विटांचा पाया मात्र त्याच्या पद्धतीने झाला. चौकोन बरोबर आलाय का ते बघायला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून मोजायचं होतं. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या, मध्ये तिची शिवणकामाची टेप, आणि ती पुरेना म्हणून तिला जोडलेली पडद्याची दोरी. मग आठवडेच्या आठवडे दोघं शेजारी बसून पट्ट्यांच्या खाचांतून जुनी, दगड झालेली लांबी खरवडत राहिली. काच बसवायला ही लांबी भरतात आणि ती सुकली की छिन्नीलाही दाद देत नाही. हात भरून यायचे. बोटांना अळशीच्या तेलाचा वास लागायचा तो जेवतानाही जायचा नाही.

त्या दिवसांत तिला नवरा कळत गेला. तो काम करताना गुणगुणतो आणि भयंकर बेसूर गुणगुणतो. नट ओठांत धरून बोलतो, त्यामुळे निम्मं समजत नाही. लेकीचं लहानपण त्याला ठाऊक नाही याची त्याला लाज वाटते. खरवडता खरवडता तो मध्येच विचारायचा, "पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा पडली का गं ती?" मग ती सांगायची, आणि तो हात थांबवून ऐकायचा. एवढं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं. ती मनातल्या मनात बोलायची थांबली होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सांगाडा उभा राहिला. रंग झाला. काचा भिंतीला टेकून रांगेने तयार होत्या. आणि जुन्या कंपनीचा फोन आला.

एका जहाजावरचा फिटर आजारी पडला होता. बदली माणूस मिळत नव्हता, सहा महिन्यांचं काम होतं. कप्तान "कळवतो" म्हणाला आणि फोन ठेवला. तिला त्याने सगळं सांगितलं आणि लगेच म्हणाला, "नाही म्हणणार आहे मी." पण नाही म्हणायला त्याने फोन काही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी ती पडदे देऊन आली तेव्हा तो बिनकाचांच्या सांगाड्यात उभा होता. हात एका पट्टीवर ठेवलेला, नजर भिंतीपलीकडे. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. तो टाकीकडे बघत नव्हता.

तिला वाटलं, आपण तोंड मिटून राहिलो तर हा राहील. राहील, आणि उरलेलं आयुष्य असा उभा राहील.

"जाऊन या," ती म्हणाली.

"आणि हे?"

"हे कुठे पळून जातंय?"

तो गेला. या वेळी मोबाइल होता, जमेल तेव्हा चेहरासुद्धा दिसायचा. तरी तिला वाटलं होतं त्याहून हे जड गेलं. पूर्वी ती ज्याची वाट पाहायची तो नुसता 'नवरा' होता. सणासुदीला येणारा, लांब राहून मोठा दिसणारा. आता तिला त्या बेसूर गुणगुणण्याची आठवण यायची. मशीन थांबवून ती ऐकत बसायची, परसातून काही येतंय का. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला तर सवय आहे ना?" सवय होती ती दुसऱ्याची होती.

काचा बसवायला तिने काचवाल्याला बोलावलं. वयस्कर, गप्पिष्ट माणूस. तडा गेलेल्या काचांच्या मापाच्या नव्या कापून आणायचा आणि प्रत्येक काच हातात देताना म्हणायचा, "जपून, कप्तानीणबाई, ही माहेरवाशीण आहे." बाजू झाल्या. छताशी आल्यावर तो म्हणाला, "एवढं कप्तान आल्यावर करू की. वरचं काम आहे, दोन पुरुष बरे."

"नाही," ती म्हणाली. "ते येतील तेव्हा मला त्यांना आत बोलवायचंय."

मग ती शिडीवर चढली. काचवाल्याने खालून दिलेली एकेक काच तिने छातीशी धरून वर नेली, लांबीच्या गादीवर ठेवली आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत गेली. एक काच वाऱ्याने हातातून गेली आणि पायरीवर फुटली. काचवाला म्हणाला, "दृष्ट निघाली." ती हसली आणि पुढची मागितली. छत पुरं झालं त्या दुपारी तिने आत उभं राहून दार लावून घेतलं. बाहेरचा आवाज एकदम कमी झाला. अंगावर ऊन आलं, वारा मात्र नाही. तिला फोन करावासा वाटला. पण त्याचं जहाज पाण्याच्या मधोमध होतं, रेंज नव्हती. ती तशीच उभी राहिली, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा त्याच्याशी मनातल्या मनात बोलू लागली. फक्त आता समोरचा कोण आहे हे तिला नीट ठाऊक होतं. तो काय उत्तर देईल हेही.

सहाचे आठ महिने झाले. बदली माणूस येईना, जहाज वाट बदलून लांबच्या बंदराला गेलं. थंडी आली. तिने आत मिरचीची, वांग्याची रोपं धरली. दंतवैद्याला एकदा बोलावून आणलं. तो सातव्या मजल्यावरून उतरून रिक्षाने आला, आत फिरला, एका खांबाला हात लावला, "इथे तिची कात्री लटकवलेली असायची," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. जाताना वांग्याचं एक रोप मात्र मागून घेतलं.

कप्तान आला तेव्हा ती घरी नव्हती. एका गिऱ्हाइकाकडे गाद्यांची कव्हरं चढवायला गेली होती. परतली तर फाटकात बॅग, घराला कुलूप तसंच, माणसाचा पत्ता नाही. ती वळसा घालून परसात गेली.

तो काचघरात होता. उलट्या टोपलीवर बसला होता, पाठ विटांना टेकलेली, आणि गाढ झोपला होता. कोट काढायचंही सुचलं नव्हतं. कपाळावर घाम, भोवती रोपं. ती बाहेर काचेशी उभी राहिली. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने ती पदराने पुसली, परत धुरकट झाली. तो वाळला होता. कानशिलावरचे केस आणखी पांढरे झाले होते. किती महिने ज्याची आठवण काढली तो हातभर अंतरावर होता, आणि तिला अजून त्याची आठवण येतच होती. थांबता थांबेना. या आठवणीला माणूस समोर आल्याने काही फरक पडत नाही, ती आता अशीच राहणार, हे तिला तिथे कळलं, आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही.

ती आत गेली. दाराच्या आवाजाने त्याने डोळे उघडले. क्षणभर त्याला आपण कुठे आहोत ते उमगलं नाही.

"वरची झडप उघड गं," तो म्हणाला. "उकडतंय."

"कोट काढा आधी."

त्याने कोट काढला. तिने दोरी ओढून झडप उघडली. तो वर बघत राहिला, एकेका काचेवरून नजर फिरवत.

"तू एकटीने?"

"काचवाला होता."

"उत्तरेकडच्या दुसऱ्या काचेला लांबी कमी पडलीय," तो म्हणाला. "पाणी येईल तिथून."

"येतं," ती म्हणाली. "खाली डबा ठेवलाय मी."

त्यानंतर कप्तान परत समुद्रावर गेला नाही. कंपनीचे फोन आणखी एकदोनदा आले, ते त्याने उभ्या-उभ्याच संपवले. तरी कधीकधी, विशेषतः वारा सुटला की, तो काचघरात जाऊन बसतो आणि भिंतीपलीकडे बघत राहतो. अशा वेळी ती हाक मारत नाही. मशीनवर बसून राहते. आता ते मशीन मागच्या खोलीत आहे, परसाकडच्या खिडकीला लागून.